रंगाच्या भट्टीतून औषधाच्या रेणूकडे



आपल्याकडे मुलगा रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाला की घरात एकच वाक्य ऐकू येते : "आता चिंचोळीला एखाद्या केमिकल कंपनीत लागला म्हणजे झाले." यात वावगे काही नाही. आपल्या सोलापूरच्या आसपास औषधांचा कच्चा माल बनविणारे कारखाने उभे राहिले आणि त्यांनी कितीतरी घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. परंतु औषधाच्या धंद्यात दोन वेगवेगळी कामे आहेत, हे आपल्यापैकी फार थोड्यांच्या ध्यानी येते. एक काम म्हणजे माहीत असलेले औषध शुद्ध व स्वस्त बनविणे. दुसरे म्हणजे जे औषध अद्याप कोणालाच ठाऊक नाही, ते शोधून काढणे. या दुसऱ्या कामात रसायनशास्त्रज्ञाच्या शेजारी आणखी एक माणूस उभा असतो, तो म्हणजे जीवरसायनशास्त्रज्ञ. त्याचे काम नेमके काय, आणि ते आपल्या महाराष्ट्रात कोठे झाले, याचा इतिहास आज सांगावयाचा आहे. मी शिकवितो इतिहास. तेव्हा सूत्रांची भीती वाचकांनी बाळगू नये.

सुरुवात रंगापासून केली पाहिजे, आणि रंगाची भट्टी सोलापूरकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. चादरीचे आणि टॉवेलचे सूत रंगविताना लड कढईत बुडवली की रंग सुताला धरतो, पण तोच रंग हाताला तितका धरत नाही; एक रंग कापसाला धरतो, दुसरा लोकरीला. हीच साधी गोष्ट जर्मनीतील पॉल एर्लिक नावाच्या वैद्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. काही रंग जंतूंना धरतात, भोवतालच्या मांसपेशींना धरत नाहीत. मग त्याच्या मनात आले की रंगाबरोबर विषही जंतूलाच धरेल असा पदार्थ का मिळू नये? शेकडो पदार्थ तपासल्यानंतर ६०६ क्रमांकाचा पदार्थ उपदंशावर लागू पडला. तपासणीत जपानी सहकारी हाता याचा मोठा वाटा होता. १९१० साली हे औषध 'साल्व्हर्सान' या नावाने बाजारात आले. ते बनविणारी कंपनी होती हेक्स्ट. फ्रँकफुर्टजवळच्या हेक्स्ट गावी १८६३ साली निघालेला हा मुळात रंगाचा कारखाना. ही कंपनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे आपल्याला तिच्याबरोबर मुलुंडला जावयाचे आहे.

रंगाची दुसरी गोष्ट अधिक गमतीची आहे. १९३५ साली जर्मनीतच गेरहार्ड डोमाक याने 'प्रोन्टोसिल' नावाच्या लाल रंगाचा गुण जाहीर केला. जंतुबाधा झालेल्या उंदरांना तो दिला की उंदीर वाचत. पण तोच रंग काचेच्या नळीत जंतूंवर टाकला तर जंतूंना काही होत नसे! त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी याचे कोडे सोडविले. शरीरात गेल्यावर त्या लाल रंगाचे दोन तुकडे होतात आणि त्यातला बिनरंगी तुकडा, म्हणजे सल्फानिलमाइड, हाच खरा औषधी. म्हणजे रंग हा नुसता अंगरखा होता. आता हा तुकडा जंतूला मारतो तरी कसा? त्याचे उत्तर १९४० साली लंडनमध्ये डोनाल्ड वूड्स याने दिले. जंतूला वाढीसाठी एक लहानसा रेणू लागतो. सल्फाचा रेणू दिसायला हुबेहूब त्याच्यासारखा. जंतूच्या पोटातील कामकरी प्रथिन, ज्याला आपण विकर किंवा एन्झाइम म्हणतो, ते फसते आणि खऱ्याऐवजी हा तोतया उचलते. मागात भलत्याच मापाची कांडी अडकली की माग थांबतो, तसे जंतूचे काम थांबते.

जीवरसायनशास्त्रज्ञ म्हणजे काय याची व्याख्या मी विद्यार्थ्यांना विचारली तर पाठ केलेली दोन वाक्ये ऐकायला मिळतात. वूड्सची ही गोष्ट मला त्या व्याख्येपेक्षा बरी वाटते. रसायनशास्त्रज्ञ रेणू बनवितो, वैद्य रोग्याला तो देतो, आणि या दोघांच्या मध्ये उभा राहून "हा रेणू पेशीत शिरून कोणाचा हात धरतो?" असे जो विचारतो, तो हा माणूस.

सल्फा औषधे आपल्या मुंबईतही लवकरच तपासली गेली. परळच्या हाफकिन संस्थेचा जन्म १८९६ च्या प्लेगमधला. मेजर साहिबसिंग सोखे १९३२ साली तिचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्या कारकिर्दीत वागळे, सोखे, दीक्षित व गणपती या चौघांनी प्लेगवरील रासायनिक उपचाराचा अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या रोगापुढे गावेच्या गावे ओस पडत, त्याच्यावर गोळीने इलाज करता येतो, ही तेव्हा केवढी नवलाची गोष्ट असेल! यातले दीक्षित पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले.

येथे एका तेलुगू माणसाचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही, आणि सोलापूरच्या पूर्वभागातील आमच्या शेजाऱ्यांना ते आवडेल. यल्लाप्रगडा सुब्बाराव हे आंध्रातील भीमवरमचे. १९२३ साली ते अमेरिकेत गेले. हार्वर्डमध्ये फिस्के यांच्याबरोबर त्यांनी १९२५ साली एक रीत काढली : द्रावणात फॉस्फेट किती आहे ते त्याला निळा रंग आणून मोजायचे. निळा जितका गडद, तितके फॉस्फेट जास्त. शरीरातील अनेक विकरांचे कामच फॉस्फेट तोडण्याचे किंवा जोडण्याचे असते. त्यामुळे या निळ्या रंगावरून विकर किती जोमाने काम करीत आहे हे कळू लागले. पुढे याच जोडीने स्नायूंतील ए. टी. पी. हा पदार्थ १९२९ मध्ये शोधला. रंग पाहून मोजण्याची ही विद्या आजही जीवरसायनाच्या प्रयोगशाळेतला रोजचा धडा आहे. रंगारी सुताच्या छटा डोळ्याने ताडतो आणि इथे ते काम यंत्राचा डोळा करतो, इतकाच फरक.

आता वनस्पतींकडे वळू. सर्पगंधा ही आपल्या वैद्य-हकिमांची जुनी मुळी. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी तिच्यातून १९३१ साली एक शुद्ध पदार्थ वेगळा केला आणि हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ त्याला 'अजमलीन' हे नाव दिले. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे आपल्या रोग्यांवरील अनुभवासह १९४९ साली एका ब्रिटिश नियतकालिकात मांडले. जगाचे लक्ष वेधले गेले ते तेव्हा. आणि १९५२ मध्ये त्या मुळीतील रक्तदाबावरचा मुख्य रेणू, रिसर्पीन, शुद्ध रूपात हाती आला तो स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे, सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत. मुळी आपली, अनुभव आपला, रेणू मात्र त्यांचा. यावर केवळ हळहळत बसणारे लेख पुष्कळ लिहिले गेले आहेत. मला त्यात रस नाही. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, यानंतर परदेशी कंपन्यांनी आपल्या संशोधनशाळा भारतातच काढावयास सुरुवात केली. सीबाची गोरेगावला १९६३ मध्ये निघाली आणि हेक्स्टची मुलुंडला १९७२ मध्ये.

मुलुंडच्या या केंद्रात भारतीय वनस्पतींचे अर्क काढून ते एकामागून एक तपासण्याचे काम चाले. त्यात एका तुळशीच्या कुळातल्या झुडपाची पाळी आली. कोलिअस फोर्स्कोली असे त्याचे शास्त्रीय नाव तेव्हा चाले. मराठीत त्याला मैनमूळ म्हणतात. गुजरातेत त्याच्या मुळ्यांचे लोणचे घालतात आणि त्याला गरमर म्हणतात.

नावाची कथा थोडी आडवाटेची आहे, पण सांगतो. पीटर फोर्स्कोल हा स्वीडनमध्ये शिकलेला वनस्पतिशास्त्रज्ञ डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठविलेल्या तुकडीत होता. तो अरबी शिकला आणि वनस्पतींची स्थानिक अरबी नावे टिपू लागला. १७६३ मध्ये येमेनमध्ये हिवतापाने तो मरण पावला. तुकडीतले उरलेले लोक जहाजाने मुंबईकडे निघाले. दोघे वाटेतच गेले, एक मुंबईत वारला आणि कार्स्टेन निबुर हा एकटाच अखेर मायदेशी पोहोचला. त्याने १७७५ मध्ये फोर्स्कोलची वनस्पतींची टिपणे छापून मित्राचे ऋण फेडले. फोर्स्कोलचे नाव झुडपाला मिळाले, झुडपावरून रेणूला मिळाले : फोर्स्कोलिन.

१९७७ साली सुजाता भट, बाजवा, नोएल डिसूझा आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी या रेणूची रचना प्रसिद्ध केली. पहिले नाव एका महिलेचे आहे, हे आपल्या मुलींनी लक्षात घ्यावे. सुजाताबाई पुढे मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये प्राध्यापक झाल्या. दुसऱ्याच वर्षी लिंडनर, दोहदवाला व भट्टाचार्य यांनी तो रेणू शरीरात काय करतो ते मांडले. हृदयाचे आकुंचन जोरदार होते आणि रक्तदाब उतरतो. साधारण त्याच सुमारास लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनेही याच झुडपातून 'कोलिओनॉल' नावाचा पदार्थ काढला होता. दोन्ही एकच असल्याचे पुढे स्पष्ट झाले.

येथवर काम झाले ते रसायनाचे आणि प्राण्यांवरील चाचण्यांचे. हृदय जोराने चालते हे दिसले, पण का चालते? या प्रश्नाला उत्तर मिळाले ते मुलुंडला नव्हे. अमेरिकेत बेथेस्डा येथे जॉन डॅली नावाचे शास्त्रज्ञ होते. विषारी बेडकांच्या कातडीतील विषे गोळा करण्यासाठी ते प्रसिद्ध. सीमन, पॅजेट व डॅली यांनी १९८१ मध्ये दाखविले की फोर्स्कोलिन पेशीतील अॅडिनिलेट सायक्लेज या विकराला थेट जागे करते. हे विकर सुब्बारावांच्या त्याच ए. टी. पी. पासून सायक्लिक ए. एम. पी. नावाचा निरोप्या बनविते. एरवी अॅड्रिनॅलिनसारख्या हार्मोनने पेशीच्या दाराची कडी वाजवावी, आतल्या नोकराने निरोप घ्यावा आणि मग हे विकर कामाला लागावे, अशी रीत. फोर्स्कोलिन कडी वाजवत नाही, सरळ माजघरात जाऊन विकरालाच हात लावते. असा दुसरा पदार्थ तोवर माहीत नव्हता.

याचा परिणाम काय झाला पाहा. जगभरच्या प्रयोगशाळांना एक किल्ली मिळाली. पेशीत सायक्लिक ए. एम. पी. वाढवायचे असेल तर फोर्स्कोलिनचे काही थेंब घाला. १९८५ साली जर्मनीत फॉयफर यांनी तर फोर्स्कोलिन बारीक मण्यांवर चिकटवून एका नळीत भरले आणि त्यावरून पेशींचा रस सोडला. हजारो प्रथिने वाहून गेली. अॅडिनिलेट सायक्लेज मात्र मण्यांवर अडकून राहिले, गळाला मासा लागावा तसे. इतके दुर्मिळ विकर शुद्ध हाती आले ते या गळामुळे. १९९७ मध्ये विकराच्या गाभ्याचे स्फटिकचित्र निघाले, तेव्हा त्यात फोर्स्कोलिनचा रेणू खाचेत बसलेला दिसला.

औषध म्हणून मात्र त्याचे नशीब मोठे निघाले नाही. ते पाण्यात नीट विरघळत नाही, आणि सायक्लिक ए. एम. पी. शरीरात सर्वत्र असल्याने ते एकट्या हृदयावर काम करून थांबत नाही. त्यात फेरफार करून पाण्यात विरघळणारे रूप जपानमध्ये तीव्र हृदयदौर्बल्यावर १९९९ पासून आले. बाकी आज बाजारात फोर्स्कोलिनच्या वजन उतरविण्याच्या गोळ्या मिळतात. त्यांच्या दाव्यांमागचा पुरावा अगदी तोकडा आहे, आणि रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याविना त्या वाटेला जाऊच नये.

मुलुंडच्या दुसऱ्या रेणूची हकीकत थोडक्यात सांगतो. डिसॉक्झायलम नावाच्या जंगली झाडात रोहितुकीन हा पदार्थ सापडला. त्याची रचना व कृत्रिम बनावट नाईक, कट्टीगे, भट, अलरेजा, डिसूझा आदींनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केली. तेव्हा डोळ्यांसमोर होती ती सूज कमी करणारी औषधे. त्याच्या साच्यावर जे नवे रेणू बनविले, त्यातला एक म्हणजे फ्लेव्होपिरिडॉल. तो अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत तपासला गेला. १९९४ मध्ये असे आढळले की पेशी दुभंगण्याची वेळ ठरविणारी जी विकरे आहेत, ज्यांना सी. डी. के. म्हणतात, त्यांनाच हा रेणू अडवितो. कर्करोग म्हणजे पेशींचे बेबंद दुभंगणे. तेव्हा या शोधाने केवढी आशा निर्माण झाली असेल याची कल्पना करा. सी. डी. के. ला अडविणारा, माणसांवरील चाचण्यांत गेलेला जगातील पहिला रेणू हाच. ती विकरे ज्यांनी उजेडात आणली त्या हार्टवेल, हंट व नर्स यांना २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या जातीचे पहिले औषध, पाल्बोसिक्लिब, स्तनाच्या कर्करोगासाठी २०१५ मध्ये मंजूर झाले. ते दुसऱ्याच कंपनीचे आणि दुसऱ्याच साच्याचे. फ्लेव्होपिरिडॉल अनेक वर्षांच्या चाचण्यांनंतरही मंजुरीपर्यंत पोहोचले नाही, कारण ते एकाच विकरावर थांबत नाही, अनेकांना अडविते.

दोन्ही वेळा तेच घडले, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. रेणू मुंबईच्या उपनगरात सापडला, आणि तो कोणाचा हात धरतो हे समुद्रापार कळले. मुलुंडची माणसे कमी हुशार होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. रचना ठरविण्याचे काम त्यांनी उत्तम केले. पण त्या काळी अॅडिनिलेट सायक्लेजवर वर्षानुवर्षे काम करणारे गट बेथेस्डात शेजारी शेजारी होते. आपल्याकडे जीवरसायनाचे पदवीधर थोडे, आणि त्यांतले औषधकंपनीत जाणारे आणखी थोडे. प्रश्न विचारणाराच खोलीत नसेल तर उत्तर कोठून येणार? पुढे १९९८ साली मुलुंडचे केंद्र निकोलस पिरामल कंपनीने विकत घेतले. रोहितुकीनच्याच साच्यावर तेथे आणखी एक कर्करोगविरोधी रेणू बनला व चाचण्यांत गेला. २०१४ मध्ये कंपनीने नव्या रेणूंच्या शोधाचे काम आवरते घेतले.

मग या कामात मुलांनी जावे काय, असे पालक विचारतील. त्यांना कामाचे स्वरूप सरळ सांगितले पाहिजे. सकाळी शीतपेटीतून विकर काढायचे, ते बर्फावर ठेवायचे. हाताच्या पंजाएवढ्या प्लॅस्टिकच्या पट्टीत ९६ खळगे असतात. प्रत्येकात विकर, त्याचे खाद्य आणि तपासावयाचा एक एक लहान रेणू सोडायचा. लहान म्हणजे किती? अॅस्पिरिनचा रेणुभार १८०, फोर्स्कोलिनचा ४१०. इन्सुलिनसारख्या प्रथिनाचा ५८०० च्या आसपास. लहान रेणू पेशीच्या भिंतीतून शिरू शकतो आणि बहुधा गोळीच्या रूपाने पोटात घेता येतो, म्हणून त्याला महत्त्व. मग यंत्राने रंग किंवा प्रकाश मोजायचा. बहुतेक खळग्यांत काहीच घडलेले नसते. एखाद्यात घडले तर आनंदाआधी संशय धरायचा : रेणूने विकर अडविले, की रंगच खाऊन टाकला? दुसऱ्या रीतीने पुन्हा मोजायचे. निम्मे विकर थांबायला किती मात्रा लागते ते काढायचे आणि आकडे रसायनशास्त्रज्ञाला द्यायचे. तो रेणूचा एखादा कोपरा बदलून नवा आणून देतो. हे महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे चालते. एम. एस्सी. झाल्याशिवाय दार उघडत नाही, आणि स्वतःचा प्रश्न स्वतः ठरवावयाचा तर पीएच. डी. हवी. म्हणजे पंचवीस-सव्वीस वर्षांचा मुलगा, किंवा मुलगी, अजून शिष्यवृत्तीवरच! हातावर पोट असलेल्या घराला हे जड जाते, हे मी रोज वर्गात पाहतो. म्हणूनच हे नववी-दहावीतच ठाऊक असावे, बी. एस्सी. च्या निकालादिवशी नव्हे.

ज्या विद्यार्थ्यांना या कामाची चव आजच घ्यावयाची असेल त्यांना शाळेच्या प्रयोगशाळेत चार नळ्या पुरतील. चारही नळ्यांत पातळ पिठाचे पाणी घ्या. पहिलीत थोडी लाळ, दुसरीत उकळलेली लाळ, तिसरीत लाळ आणि लिंबाचा रस घाला. दहा मिनिटांनी या तिन्हींत आयोडीनचे दोन थेंब टाका. पहिलीत निळा रंग येणार नाही, कारण लाळेतील विकराने पीठ तोडले. दुसरीत गडद निळा येईल, कारण उकळल्याने विकर मेले. तिसरीतही निळा दिसणार नाही, किंवा दिसून लगेच जाईल. उतावळा विद्यार्थी वहीत लिहील की लिंबाने विकराला अडविले नाही. त्याने लिहिण्याआधी चौथी नळी पाहावी. तिच्यात लाळ घालायचीच नाही. पिठाच्या पाण्यात आयोडीन टाकून निळा आणा, आणि मग त्यात लिंबाचा रस पिळा. निळा येथेही जातो. लिंबातील क जीवनसत्त्व आयोडीनलाच खाऊन टाकते, विकराचा तेथे काही संबंध नाही. आता तिसरी नळी लिंबाऐवजी व्हिनेगर घेऊन पुन्हा करा.